त्साइडलर : एका जर्मन आडनांवाची कुळकथा

जर्मनींतील कोणत्याही मोठ्या शहराची नांवांची यादी उघडली, तर म्यूलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर हीं आडनांवें पानांमागून पानें व्यापून बसलेलीं दिसतात. म्यूलर म्हणजे पीठगिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी आणि वेबर म्हणजे विणकर. यांचे अर्थ तेथील शाळकरी मुलासही ठाऊक असतात, कारण हे शब्द आजही बोलण्यांत आहेत. पण त्याच यादीच्या अगदीं शेवटीं, रोमन वर्णमालेच्या शेवटच्या अक्षराखालीं, एखादें दुसरें 'त्साइडलर' असें आडनांव भेटतें. हा त्साइडलर मूळचा काय करीत असे, असें खुद्द जर्मन माणसास विचारलें तरी बहुधा त्यास उत्तर सुचत नाहीं. धंदा रानांतून गेला, त्याच्या मागोमाग शब्द बोलण्यांतून गेला, आणि आडनांव तेवढें मागें राहिलें. तें आलें कोठून, आणि म्यूलर लाखांनीं मोजावे लागत असतां त्साइडलर कांहीं हजारांतच कां आटोपतात, या दोन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतात. परंतु त्यांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे अरण्य, देऊळ, स्वयंपाकघर आणि राजदरबार अशा चारही ठिकाणीं जाऊन यावें लागतें.

प्रथम जर्मन आडनांवें कशीं पडलीं तें पाहूं. बाराव्या शतकापूर्वीं तिकडील सामान्य माणसास एकच नांव पुरत असे. खेड्यांत दोन हाइन्रिख असले तर एकास उंच व दुसऱ्यास ठेंगणा म्हटलें कीं काम भागे. पुढें शहरें वाढलीं, व्यापार वाढला, कर वसूल करावयाचे, घरें विकावयाचीं, मृत्युपत्रें लिहावयाचीं. अशा कागदांत एकाच गल्लींतील पांच हाइन्रिख कसे ओळखावयाचे? तेव्हां नांवापुढें खूण लागूं लागली. ती कधीं बापाच्या नांवाची, कधीं मूळ गांवाची, कधीं घराच्या जागेची, कधीं अंगांतील गुणदोषाची, आणि पुष्कळदां धंद्याची असे. आरंभीं ही खूण त्या एका माणसापुरती होती. पंधरावें शतक येईपर्यंत बहुतेक शहरांतून ती मुलांनातवंडांकडे जाऊं लागली, आणि त्या क्षणीं तिचा धंद्याशीं असलेला संबंध सैल झाला. न्यूरेंबर्ग शहरांतील सेंट सेबाल्ड या साधूची सुप्रसिद्ध पितळी समाधि १५०८ ते १५१९ या काळांत ज्याच्या कारखान्यांत घडली, त्या ओतारी कारागिराचें नांव पीटर फिशर. आडनांवानें कोळी आणि हातानें ओतारी ! आपल्याकडील पोतनीसांच्या घरीं आज राज्याचा खजिना नाहीं कीं फडणीसांच्या घरीं हिशेबाचा फड नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

यांतून एक साधा नियम हातीं लागतो. धंद्याचें आडनांव पडावयास तो धंदा पुष्कळ ठिकाणीं असावा लागतो, पण एका ठिकाणीं तो करणारे थोडेच असावे लागतात. गांवोगांव ओढ्याकांठीं पीठगिरणी असे आणि ती चालविणारा एकच असे. 'गिरणीवाला हान्स' म्हटलें कीं सबंध गांवाला माणूस कळे. म्हणून म्यूलर हें आडनांव एका कुळापासून पसरलेलें नाहीं. तें हजारों गांवीं, हजारों वेळां, स्वतंत्रपणें जन्मलें. लोहाराचीही तीच गोष्ट. शेतकरी मात्र गांवांत सगळेच असत, म्हणून नुसत्या शेतकऱ्याची खूण खेड्यांत फारशी उपयोगी पडत नसे. हा नियम लक्षांत ठेवला म्हणजे त्साइडलर थोडे कां, याचा अर्धा उलगडा पुढें आपोआप होईल.

आतां शब्दाकडे वळूं. 'त्साइडेल्न' असें एक जुनें जर्मन क्रियापद आहे. त्याचा अर्थ मधमाशांचें पोळें कापून मध काढणें. तें काम करणारा तो त्साइडलर. मध्ययुगांतील लॅटिन दस्तऐवजांत त्यासच 'सिडेलारिउस' म्हटलें आहे. परंतु दिसेल तें मोहोळ झाडावर चढून लुटणारा मनुष्य म्हणजे त्साइडलर नव्हे. तसाच तो परसांत गवती टोपल्या मांडून माशा पाळणारा गृहस्थही नव्हे. या दोहोंच्या मधली त्याची जागा होती. माशा रानांतल्याच, झाड रानांतलेंच. पण त्या झाडांतील घर त्यानें स्वतःच्या हातानें कोरलेलें, राखलेलें आणि वारसाहक्कानें मिळविलेलें असे.

युरोपांतील मधमाशी मूळची ढोलींत राहणारी. जुन्या, जाड बुंध्याच्या झाडास नैसर्गिक ढोली पडली कीं तिच्यांत ती पोळीं बांधते. त्साइडलर निसर्गाची वाट न पाहतां निरोगी जुना वृक्ष निवडी आणि जमिनीपासून सुमारें सहा मीटर उंचीवर, खास घडविलेल्या कुऱ्हाडीनें त्याच्या पोटांत उभी पोकळी कोरी. इतक्या उंचीवर काम करण्याचें कारण अस्वल. मधाची आवड माणसाइतकीच अस्वलालाही आहे, आणि त्या काळीं जर्मन रानांत अस्वलें होतीं. पोकळीचें तोंड फळीनें बंद करून माशांना येण्याजाण्यापुरतें छिद्र ठेवीत. पोखरलेला वृक्ष वाऱ्यानें मोडूं नये म्हणून त्याचा शेंडा छाटीत. बुंध्यावर मालकाची खूण कोरीत, म्हणजे कोणतें झाड कोणाचें याविषयीं तंटा नको. हें सारें दोरावर लोंबकळत, एका हातानें तोल सांभाळीत करावयाचें. नव्या पोकळींत थवा येऊन बसावयास कधीं वर्षें लागत, आणि बसल्यावरही सगळा मध कापून चालत नसे. माशांना थंडी काढण्यापुरता साठा ठेवूनच वरचा भाग घ्यावयाचा. आज कोरलेल्या झाडाचा मध कदाचित् मुलगा खाईल, अशा हिशेबानें चालणारा हा धंदा होता. तो बापाकडून मुलाकडे जाई, यांत नवल नाहीं.

या खटाटोपाला मोल कां होतें, हें साखरेच्या युगांत राहणाऱ्या आपणांस सहज उमगणार नाहीं. उत्तर युरोपांत ऊंस होत नाहीं. शेंकडों वर्षें तेथील घरांत गोडी म्हणजे मध आणि फार तर सुकविलेलीं फळें. मधापासून त्यांचें एक जुनें मद्यही तयार होई. पण मधाहूनही मेणाची मागणी मोठी होती. गरिबाच्या घरांत चरबीचा दिवा जळे. त्यास धूर फार व घाणही फार. ख्रिस्ती उपासनेंत वेदीवरील मेणबत्ती मात्र मधमाशीच्या शुद्ध मेणाची असावी असा दंडक होता. प्रत्येक देवळांत, प्रत्येक सणाला, प्रत्येक मृताच्या नांवें होणाऱ्या प्रार्थनेला मेण जळत असे. राजाच्या सनदांवरील मोहरा मेणाच्या. ओताऱ्यांच्या कित्येक मूर्तींचे पहिले आकार मेणाचे. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेन बादशहाच्या राजवटींत शाही जमिनींच्या व्यवस्थेविषयीं जो आज्ञापट निघाला, त्यांत प्रत्येक कारभाऱ्यानें आपल्याकडील जितक्या जहागिरी तितके मधमाशा राखणारे लोक नेमावे, असें स्पष्ट कलम आहे. ज्याच्या साम्राज्याची हद्द अर्ध्या युरोपावर पसरली होती, त्यानें माश्यांच्या राखणदारांसाठीं वेगळें कलम लिहावें, यावरून या वस्तूचें महत्त्व कळून येईल.

या धंद्याचें सर्वांत वैभवशाली केंद्र म्हणजे न्यूरेंबर्ग शहराभोंवतालचें अरण्य. पेग्निट्झ नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलें हें रान बादशहाच्या खास मालकीचें होतें, आणि त्यास 'साम्राज्याची मधमाशांची बाग' असें लाडकें नांव पडलें होतें. १३५० सालीं चौथ्या कार्ल बादशहानें येथील त्साइडलरांस सनद दिली. याच बादशहानें पुढें १३५६ सालीं आपल्या प्रख्यात 'सुवर्ण आज्ञापत्रा'चा पहिला भाग न्यूरेंबर्ग येथेंच जाहीर केला. सम्राट् कोणीं निवडावा हें ठरविणाऱ्या हातानेंच रानांतल्या मध काढणाऱ्यांचे हक्कही नोंदले गेले.

या हक्कांचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. मध काढण्याचा अधिकार वाटेल त्यास नव्हता. ठराविक वतनी जमिनी होत्या. ती जमीन ज्याच्याकडे, त्याच्याकडेच रानाच्या ठराविक भागांतील माशांचा हक्क. त्याबद्दल तो मधाचा कर भरी. उलटपक्षीं त्यास जकातीची सवलत असे आणि शस्त्र बाळगण्याचा मान असे. हें शस्त्र म्हणजे दांड्यावर आडवें बसविलेलें, कळ दाबून बाण सोडावयाचें धनुष्य. बादशहाची स्वारी त्या मुलखांत आली म्हणजे त्साइडलरांनीं धनुर्धारी होऊन तिच्या रक्षणास जावें, ही त्यांची चाकरी. हिरवा पोषाख, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर धनुष्य अशा वेषांतील त्साइडलराचीं जुनीं चित्रें प्रसिद्ध आहेत. त्यांचें न्यायालयही स्वतंत्र होतें. न्यूरेंबर्गच्या आग्नेयेस फॉइश्त नांवाचें गांव आहे. तेथें तें भरत असे, आणि झाडें, थवे, मध, हद्दी यांसंबंधींचे तंटे तेथें तुटत. ज्या काळांत साधा शेतकरी जमिनदाराच्या कचेरींत हात जोडून उभा राही, त्या काळांत या रानकऱ्यांचा न्याय त्यांच्याच रीतीप्रमाणें होई. एवढी प्रतिष्ठा त्या कामाला होती.

त्या मधाचें पुढें काय होई, हें न्यूरेंबर्गच्या बाजारांत गेलें म्हणजे कळतें. तेथील 'लेबकूखन' नांवाची मसाल्याची गोड भाकर आज जगप्रसिद्ध आहे. हिचा भटारी न्यूरेंबर्गच्या कागदांत १३९५ पासून आढळतो, आणि १६४३ सालीं या भटाऱ्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. तिच्यांत दोन वस्तूंचा मेळ आहे. मध भोंवतालच्या रानांतला, आणि मिरीं, सुंठ, वेलची, दालचिनी हे मसाले दूरदेशचे. हे मसाले मलबार व सिंहलद्वीप यांच्या बाजूनें निघून, अरबी गलबतांतून आणि मग व्हेनिसच्या पेढ्यांवरून, आल्प्स पर्वत ओलांडून न्यूरेंबर्गास पोंचत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिऱ्याची आणि फ्रँकोनियाच्या रानमधाची गांठ त्या भाकरींत पडे.

धंदा इतका मानाचा, मग आडनांवें थोडीं कां ? आतां मघांचा नियम आठवावा. पीठगिरणी प्रत्येक गांवीं होती; मधाचें रान प्रत्येक गांवाला नव्हतें. जेथें विस्तीर्ण जुनें अरण्य, आणि त्यावर बादशहाचा किंवा एखाद्या सरदाराचा हक्क, तेथेंच हा धंदा चाले. न्यूरेंबर्गचा मुलूख, त्याच्या पूर्वेचा बव्हेरियाचा डोंगरी भाग, सॅक्सनी व लाउझित्स प्रांतांतील झाडीं, इतकाच त्याचा मुख्य प्रदेश. त्यांतही वतनी जमिनींची संख्या बांधलेली. नवा मनुष्य सहज शिरत नसे. म्हणजे मानानेंच संख्या मर्यादित ठेवली. शिवाय ज्या खेड्यांत पुष्कळ घरें त्साइडलरांचीं, तेथें 'त्साइडलर' म्हणून एकास दुसऱ्यापासून वेगळें काढतां येत नाहीं; तेथें दुसरीच खूण लागे. हें आडनांव चिकटावयाचें तें बहुधा रान सोडून शहरांत किंवा दुसऱ्या गांवीं राहावयास गेलेल्या माणसास. तेथें तो एकटा, म्हणून तेथें ती खूण कामाची. धंद्याच्या घरीं आडनांव कमी आणि धंदा सोडलेल्याच्या घरीं अधिक, असा हा उलटा न्याय आहे.

त्यांत पुन्हां भाषेची वांटणी झाली. ईशान्येकडे झाडांतील पोकळीस 'बॉइटे' म्हणत. त्यावरून तिकडील रानमधवाल्यास 'बॉइट्नर' हें नांव पडलें. कोठें नुसत्या माशीवरून 'बीनर' झालें. खुद्द बव्हेरियांत उच्चार कठोर होऊन 'त्साइटलर' असें रूप रूढ झालें. एकाच धंद्याचीं नांवें अशीं तीन चार ओढ्यांनीं वाहून गेलीं, आणि मूळ प्रवाह आणखी बारीक झाला.

पुढची कथा ऱ्हासाची आहे, आणि तिचें बीज वैभवाच्याच काळांत पेरलें गेलें होतें. 'पेरलें' हा शब्द येथें अक्षरशः घ्यावा. न्यूरेंबर्गच्या भट्ट्या, घरें आणि कोळसा यांसाठीं रान इतकें तुटलें, कीं १३६८ सालीं पीटर श्ट्रोमर नांवाच्या तेथील व्यापाऱ्यानें मोकळ्या झालेल्या जमिनींत सूचिपर्णी वृक्षांचें बीं पेरून नवें रान उभें करण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी झाला. इतिहासास ज्ञात असलेली अशी ही पहिली वनपेरणी म्हणून वनशास्त्रज्ञ तिचा आजही गौरव करतात. लाकडाच्या दृष्टीनें तो मोठाच लाभ होता. परंतु पाइनचा पराग वाऱ्यावर वाहतो. त्याच्या फुलांत माशीसाठीं मध नसतो. लिंडनसारखे फुलांचे वृक्ष मागें पडत गेले आणि सरळ, एकजात पाइनचें रान वाढत गेलें. पुढें शेतकरी गुरांच्या गोठ्यांत पसरण्यासाठीं रानांतला पालापाचोळा व झुडपें खरवडून नेऊं लागले; त्यांबरोबर फुलणारी हेदरचीं झुडपेंही गेलीं. माशीचें ताट दोन्ही बाजूंनीं रिकामें झालें.

दुसरा आघात धर्मक्रांतीचा. १५२५ सालीं न्यूरेंबर्गनें ल्यूथरचा पंथ स्वीकारला. मृतांच्या नांवें चालणाऱ्या प्रार्थना, नवसाच्या मेणबत्त्या, साधूंच्या प्रतिमांपुढील अखंड दीप हे बंद झाले. पंथ माशांच्या विरुद्ध नव्हता. पण मेणाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक एका पिढींत निघून गेलें. तिसरा आघात युद्धाचा. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धानें जर्मनीचीं खेडीं ओसाड केलीं. १६३२ च्या उन्हाळ्यांत स्वीडनचा राजा गुस्टाव्ह आडोल्फ न्यूरेंबर्गांत आणि वालेनश्टाइन त्याच्या वेशीपलीकडे, असे दोन प्रचंड सैन्यांचे तळ आठवडेच्या आठवडे एकमेकांसमोर पडून होते. त्यांच्या चुलींना लाकूड लागलें आणि पोटाला अन्न; भोंवतालच्या रानाची आणि गांवांची काय दशा झाली असेल, हें सांगावयास नको.

शेवटचा घाव साखरेचा. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमांवर पिकलेली उंसाची साखर अठराव्या शतकांत उत्तर युरोपच्या बाजारांत भरूं लागली. १७४७ सालीं बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनज्ञानें बीट या कंदांत तीच साखर असल्याचें दाखविलें, आणि १८०१ सालीं त्याचा शिष्य आखार्ड यानें सायलेशियांत कुनर्न येथें बीटच्या साखरेचा पहिला कारखाना काढला. मधाचें राज्य संपलें. इकडे नव्या वनाधिकाऱ्यांच्या नजरेंत पोटांत पोकळी कोरलेला आणि शेंडा छाटलेला वृक्ष म्हणजे वायां गेलेलें लाकूड. ज्या झाडास पूर्वीं कायदा राखीत होता, त्यासच आतां नियम तोडूं लागले. अठरावें शतक संपतां संपतां न्यूरेंबर्गच्या त्साइडलरांची संस्था विसर्जित झाली, फॉइश्तचें न्यायालय बंद पडलें, आणि १८०६ सालीं स्वतः न्यूरेंबर्गही आपलें स्वातंत्र्य गमावून बव्हेरियांत सामील झालें.

येथें कोणी विचारील, जर्मनींत मधमाशा पाळणें तर थांबलें नाहीं. मग त्या नव्या पाळणाऱ्यांवरून नवीं आडनांवें कां पडलीं नाहींत? याचें उत्तर काळाच्या हिशेबांत आहे. एकोणिसाव्या शतकांत सायलेशियांतील योहान झिअर्झोन या धर्मोपदेशकानें आणि १८५१ पासून अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथनें पोळीं सुटीं काढतां येतील अशा पेट्या प्रचारांत आणल्या. मधमाशी कायमची रानांतून पेटींत आली. तिला पाळणाऱ्यास आज जर्मन भाषेंत 'इम्कर' म्हणतात. पण हा इम्कर सर्वत्र रूढ होईपर्यंत आडनांवांचा दरवाजा बंद झाला होता. माणसें आधींच म्यूलर, श्मिट किंवा फिशर झालेलीं होतीं. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यांत जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, तेव्हां तर आडनांवाचें अक्षरही बदलेनासें झालें. पूर्वीं एकच घराणें कधीं त्साइडलर तर कधीं त्साइटलर असें लिहिलें जाई. आतां ज्या अक्षराची नोंद झाली तें कायम. म्हणून जुनें नांव वाढलें नाहीं आणि नवें नांव जन्मलें नाहीं. धंद्याचे तर राहोत, त्या शब्दाचेही नवे वारस निपजण्याचा मार्ग खुंटला.

तरी जे थोडे राहिले, त्यांनीं आपापल्या परीनें नांव गाजविलें. पश्चिम जर्मनीच्या घटनात्मक सर्वोच्च न्यायालयाचे १९८३ ते १९८७ या काळांतील अध्यक्ष वोल्फगांग त्साइडलर होते. कॅनडांत टोरांटो शहरांतील ईटन सेंटर ही प्रख्यात वास्तू ज्यांनीं रचिली, ते १९२६ सालीं जन्मलेले वास्तुशिल्पी एबरहार्ड त्साइडलर. परंतु या आडनांवाच्या इतिहासांत सर्वांत विलक्षण प्रकरण आहे तें ऑथमार त्साइडलर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाचें. १८७४ सालीं श्ट्रासबुर्ग येथें आडोल्फ फॉन बायर यांच्या हाताखालीं शिकत असतां त्यानें एक नवें संयुग तयार केलें, त्याचे गुणधर्म लिहून ठेवले, आणि तें बाजूस सारलें. कीटकांवर त्याचा काय परिणाम होतो, हें पाहण्याचें त्याच्या मनांतही आलें नाहीं. पांसष्ट वर्षांनीं, १९३९ सालीं, स्वित्झर्लंडमध्यें बाझल येथें दुसऱ्या एका रसायनज्ञाच्या लक्षांत आलें, कीं हें द्रव्य कीटकांचा जबरदस्त संहार करतें. तेंच डी. डी. टी. या शोधाबद्दल १९४८ सालीं त्यास वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें नांव पाउल म्यूलर.

श्रोतेहो, मधमाशा राखणाऱ्यांचें आडनांव सांगणाऱ्या माणसाच्या हातून जगांतील सर्वांत प्रसिद्ध कीटकनाशक प्रथम तयार व्हावें, आणि त्याचें श्रेय पीठगिरणीवाल्याचें आडनांव सांगणाऱ्यास मिळावें, हा योगायोगच. त्यांत नियतीचा हात शोधूं नये. पण या योगायोगानें एक गोष्ट लख्ख दिसते. १८७४ मधील त्या तरुणास आपल्या नांवांत मधमाशी आहे याची जाणीव असो वा नसो, त्या जाणिवेचा त्याच्या कामाशीं कांहींच संबंध उरला नव्हता. नांव आणि काम यांची फारकत याहून पूर्ण होणें शक्य नाहीं. त्या द्रव्याची कथा आपल्याही दाराशीं येऊन पोंचली. १९४६ सालापासून त्यावेळच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड व कानडा जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारून हिंवतापाशीं लढण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि त्यानें असंख्य घरांतील ताप उतरविला. पुढें १९६२ सालीं रेचेल कार्सन या अमेरिकन विदुषीनें या द्रव्याची दुसरी बाजू जगापुढें मांडली, आणि १९७२ मध्यें अमेरिकेनें व पश्चिम जर्मनीनें त्याच्या वापरावर बंदी घातली. डास कोणता आणि मधमाशी कोणती, हा भेद करण्याचें ज्ञान कुऱ्हाड घेऊन झाडावर चढणाऱ्या त्साइडलरापाशीं होतें; पिंपांतल्या द्रव्यापाशीं तें नाहीं.

रानांतला तो धंदा अगदींच निःशेष झाला असेंही नाहीं. उरल पर्वताच्या पायथ्याशीं बाष्किर लोकांनीं तो अखंड चालू ठेवला. त्यांच्यापासून तो पुन्हां शिकून पोलंडमधील कांहीं लोकांनीं आपल्या रानांत नव्यानें झाडें कोरलीं, आणि २०२० सालीं पोलंड व बेलारूस या देशांतील या विद्येची युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत नोंद केली. पोलिश भाषेंत या धंदेवाल्यास 'बार्टनिक' म्हणतात. तिकडेही तें आडनांव आहेच. फॉइश्त गांवीं आज त्साइडलरांचें एक संग्रहालय आहे. त्यांच्या विद्येची ओळख आतां तेथें कांचेच्या कपाटांतून करून घ्यावी लागते.

आडनांवांचा विचार करतांना आपण सामान्यतः मोठ्या, सर्वत्र आढळणाऱ्या नांवांकडेच पाहतों. परंतु म्यूलर या नांवावरून आपणांस एवढेंच कळतें, कीं जर्मन खेड्यांत पीठगिरण्या होत्या. तें कळावयास आडनांवाची गरज नव्हती. त्साइडलर हें नांव जेथें जेथें आढळतें, तेथें एके काळीं आसपास जुनें, फुलणारें अरण्य होतें, त्याला राखणारा कायदा होता, आणि पुढच्या पिढीसाठीं झाड कोरून ठेवणारीं माणसें होतीं, अशी साक्ष तें एकटें देतें. सनदा दप्तरखान्यांत पडून असतात. रान तुटलें म्हणजे त्याची साक्ष लाकडाबरोबर जळून जाते. पण आडनांव दारावरच्या पाटीवर, शाळेच्या हजेरींत आणि लग्नपत्रिकेंत लिहिलें जात राहतें. तें धारण करणाऱ्यास त्याचा अर्थ ठाऊक नसला, तरी अर्थ तेथें शाबूद असतो. असें एखादें दुर्मिळ नांव एखाद्या घराण्यांत वारसावांचून संपतें, तेव्हां माणसें गेल्याचें दुःख तर असतेंच. त्याबरोबर एका रानाचा पत्ताही पुसला जातो. म्हणून ज्या आडनांवाचा अर्थ सहज कळत नाहीं, त्याचा अर्थ विचारण्याची तसदी एकदां तरी अवश्य घ्यावी.